वाघाच्या नावापुढचा शब्द

विशाखा रामटेके आणि तिच्या अकरा विद्यार्थ्यांवर अन्याय झाला तो यंदाच्या ऋषिपंचमीला, बुधवारी, संध्याकाळी सव्वापाच वाजता. जागा पांढरकवड्याच्या सार्वजनिक सभागृहाचं दार. वर्ग साडेपाचला भरायचा. विशाखा खडूची डबी घेऊन आली तर दाराला नवं कोरं कुलूप, आणि कुलपाशेजारी सभागृह समितीचे उपाध्यक्ष उभे. ते म्हणाले, "शत्रुदेशाची भाषा इथं शिकवता येणार नाही." बस्स. ना चर्चा, ना ठराव. लोकांच्या पैशानं बांधलेल्या इमारतीतून लोकांनाच बाहेर ठेवलं, आणि रस्त्यानं जाणाऱ्या कोणीही हूं की चूं केलं नाही.

ती भाषा म्हणजे चिनी.

मी नेरची. आम्ही पाच-सहा जण मिळून पत्रकं काढतो. बंद पडलेली वाचनालयं, कुलूपबंद समाजमंदिरं, कोणाच्या तरी घरची गुरं बांधलेल्या शाळांच्या खोल्या, हे आमचे विषय. बातमी कळली तशी दुसऱ्या दिवशी पिशवी उचलून निघाले. एका पानाचं पत्रक लिहायचं, हजार प्रती काढायच्या, वाटायच्या आणि परत यायचं, असा बेत. पण जे पाहिलं ते एका पानात मावेना. म्हणून हे लांबलचक लिहिणं. तुम्ही त्या बाजूला गेला नसाल असं धरूनच लिहिते आहे, कारण आमच्या नेरमधलेही फारसे कोणी गेलेले नाहीत. एकाच जिल्ह्यात राहून!

पांढरकवडा, गुरुवार

जोडमोहा मागे पडलं की आमच्याकडचा माणूस गप्प होतो. नेरला नजर जाईल तिथवर कपाशी, सोयाबीन आणि तूर, मध्ये एखादं बाभळीचं झाड. इथे रस्ता वळतो आणि सागाचं जंगल दोन्ही बाजूंनी अंगावर येतं. सागाला पांढरे तुरे आले होते. सबंध डोंगर कोणी लाह्या उधळल्यासारखा दिसत होता. मी पत्रकाचं पहिलं वाक्य जुळवत बसले होते, ते तिथेच सुटलं.

पांढरकवडा म्हणजे नागपूर-हैदराबाद हमरस्ता. ट्रक, ट्रक आणि ट्रक. ढाब्याच्या पाटीवर मराठीखाली तेलुगू. सलीमभाईंचं ट्रकच्या सुट्या भागांचं दुकान रस्त्यालाच लागून आहे, तिथे मला बोलावलं होतं. सलीमभाई पन्नाशीचे, हातांना कायम ग्रीस, आणि विशाखाच्या वर्गातले सगळ्यात थोरले विद्यार्थी. खोक्यांवर चिनी अक्षरं छापलेली असतात, ती वाचता यावीत म्हणून ते वर्गात आले आणि मग गोडी लागून राहिले.

विशाखा आधीच येऊन स्टुलावर बसली होती. पस्तिशीची, आवाज खणखणीत, बोलताना समोरच्याच्या खांद्यावर थाप मारायची सवय.

"तुम्हीच का त्या नेरवाल्या पत्रकवाल्या?"

"हो."

"मग आधी पोहे खा. उपाशी माणूस पत्रक वाईट लिहितो."

पोह्यांवर लालभडक तर्री होती. पहिल्याच घासाला माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सलीमभाई खुश झाले. "मॅडम, इनको बताओ, इसको क्या बोलते?"

"हाओछ," विशाखा म्हणाली. "छ म्हणजे खाणं. हाओ म्हणजे चांगलं. हाओ पुढं लावला की झालं, खायला छान. चवदार. आता खान म्हणजे पाहणं. हाओखान?"

"पाहायला छान. सुंदर," मी म्हणाले.

"थिंग म्हणजे ऐकणं. हाओथिंग?"

"कानाला गोड."

"बघा, दोन मिनिटांत तीन शब्द झाले. आता हाओ काढा आणि नान लावा. नान म्हणजे अवघड. नानछ म्हणजे खायला अवघड. बेचव. नानखान म्हणजे पाहवत नाही असं. कुरूप."

"मेरी बीवी का पुलाव, नानछ," सलीमभाई म्हणाले. "लेकिन घर में बोला तो जीना नान हो जाएगा."

मी हसले, पण आतून थोडी हललेही. आमच्या मराठीत उपसर्ग शाळेत शिकवतात ते तक्त्यात. प्र, परा, अप, सम्. पाठ करायचे, दोन गुण मिळवायचे आणि विसरायचे. ते मुळात संस्कृतातून आलेले. बे, गैर, बिन, ना, हे फारसीच्या वाटेनं आलेले. आपण ते वापरतो, पण जोडताना हाताला कळत नाही. इथे पोह्यांच्या ताटलीवर एक बाई माझ्यासमोर शब्दाला शब्द जोडत होती, जसा सुतार चौकटीला दाराची फळी बसवतो, आणि दार लगेच उघडत होतं.

विशाखा बौद्ध घरातली. तिचे वडील शिक्षक होते. फार जुन्या काळी चीनमधून भिक्खू पायी चालत आपल्याकडे आले, पोथ्या घेऊन गेले, आणि उरलेलं आयुष्य त्यांचं भाषांतर करण्यात घालवलं, ही गोष्ट ते मुलांना झोपवताना सांगायचे. "सगळ्या भावंडांना झोप लागायची," ती म्हणाली. "मला नाही लागली. मी म्हटलं, ते इथून शब्द घेऊन गेले ना? मग आपण तिथून आणू." दिल्लीत राहून तिनं चिनीत एमए केलं. आई आजारी पडली म्हणून परतली. आई गेली, ही राहिली. आठवड्यातून तीन संध्याकाळी सभागृहात फुकट वर्ग. "पांढरकवड्यात माझ्याइतकं चिनी कोणालाच येत नाही," ती म्हणाली. "तालुक्यात पहिली मीच, शेवटली मीच." बढाई मारताना ती जराही लाजत नाही. मला ते आवडलं.

मग तिनं खरं ते सांगितलं. हैदराबादच्या एका कंपनीनं तिला दुभाषी म्हणून बोलावलं होतं. रविवारी संध्याकाळपर्यंत उत्तर द्यायचं. "जागा मिळाली तर मी नाही म्हणते. नाही मिळाली तर सोमवारी बस धरते. रस्त्यावर उभं राहून मला शिकवता येत नाही."

"इथं दुकानात भरवा की."

"इथं संध्याकाळी ट्रकवाले असतात. पोरींच्या घरचे पाठवतील का?"

सलीमभाई खाली बघत पाना पुसत राहिले. अकरांपैकी सात मुली होत्या.

पांढरकवडा, शुक्रवार

उपाध्यक्षांच्या घरी महालक्ष्म्या, म्हणजे गौरी, बसल्या होत्या. मी विशाखाला घेऊन गेले भांडायला. दारातच त्यांच्या घरच्यांनी हात धरून पंगतीला बसवलं. आमच्या वऱ्हाडात महालक्ष्म्यांच्या जेवणाला आलेल्याला कोणी विन्मुख पाठवत नाही, मग तो भांडायला का आलेला असेना. सोळा भाज्यांची भाजी, आंबील, कढी, पुरणपोळी, वर तुपाची धार. ज्या माणसानं कुलूप लावलं तोच माणूस वाकून मला आग्रह करत होता, "ताई, अजून एक. लाजता काय?" मी जेवले. खोटं कशाला सांगू. विशाखा मात्र बाहेर ओट्यावरच बसली. देवाच्या पंगतीला ती बसत नाही. "मी किल्ली घ्यायला आले," तिनं आत ऐकू जाईल अशा बेतानं सांगितलं.

हात धुऊन मी सरळ विचारलं, "कुलूप कोणाच्या हुकमानं लावलं?"

"वरून दबाव आहे, ताई."

"वरून म्हणजे कोण?"

"वरून म्हणजे वरून."

"समितीचा ठराव?"

"ठराव होईन न. अध्यक्षसाहेब बाहेरगावी आहेत."

"कधी येतात?"

"ते त्यायलेच माहीत."

परतताना आम्ही सभागृहाच्या मागच्या खिडकीपाशी गेलो. काच फुटलेली. आत खताची पोती, थप्पीवर थप्पी, पार छताच्या पंख्यापर्यंत. फळा पोत्यांच्या मागे गेलेला, एक कोपरा तेवढा दिसत होता. शेजारच्या पानठेल्यावर विचारलं, तर ठेलेवाला हसला. "साहेबांच्या मेव्हण्याचं कृषी केंद्र हाये न." तर असा हा शत्रुदेश. मेव्हण्याला गोदामाचं भाडं वाचवायचं होतं आणि त्यासाठी सीमेवरच्या जवानांची आठवण काढली गेली. मी हे नाव न घेता लिहिते आहे, पण ज्याचं त्याला कळेल.

विशाखा चिडली नाही. खिडकीच्या गजाला धरून त्या फळ्याच्या कोपऱ्याकडे पाहत म्हणाली, "उपाध्यक्षाला चिनीत काय म्हणतात माहीत आहे? अध्यक्षाच्या शब्दापुढे फक्त फू लावायचा. फू म्हणजे उप. कोणत्याही पदापुढे लावा. एक फू लावला की माणूस निम्मा जबाबदार होतो, आणि अख्खा अध्यक्ष बाहेरगावी असला की काहीच जबाबदार राहत नाही." थोड्या वेळानं ती म्हणाली, "ख-शी." मी विचारलं काय. "ख हा असाच पुढे लागतो. आपल्या 'ण्याजोगं'सारखा. ख-आय म्हणजे लळा लागण्याजोगं. ख-फा म्हणजे भिण्याजोगं. ख-शी म्हणजे हळहळण्याजोगं." आणि फळ्याकडे पाठ करून चालू लागली.

त्या संध्याकाळी वर्गातली पायल टेकाम आम्हाला भेटायला आली. कॉलेजात बीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे, कोलामांच्या पोडावरून रोज सायकलनं आणि मग बसनं येते. पोड म्हणजे कोलाम आदिवासींची वस्ती, बहुधा जंगलाच्या कडेला. वर्गातले सगळे शिक्षिकेला चिनीतच हाक मारतात, तशी ती विशाखाला म्हणाली, "लाओश, आमच्या चावडीत भरवा न वर्ग."

"तुझ्या पोडावर? जंगलात?"

"जंगलात काहून, पोडावर. तुमचं शहर सोडून सगळं जंगलच हाये का?"

विशाखानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "उद्याच जाऊ. आज रात्रीच पत्रकं छापून घेते, तीही वाटू."

पोड, शनिवार

पत्रकं वाटली गेली नाहीत. शेवटच्या नाल्यात विशाखाची स्कूटर घसरली आणि माझी पिशवी पाण्यात गेली. 'सार्वजनिक जागा कोणाच्या?' हा ठळक मथळा वरच्या पानावर निळा होऊन पसरला. काळ्या मातीत माझी एक चप्पल रुतली ती रुतलीच. विशाखा चिखलात बसून हसत होती. पायल सायकल धरून पुढे उभी होती, आणि एकदम तिनं हात वर केला.

नाल्याच्या ओल्या वाळूत एक ठसा होता. ताजा, कडा अजून ढासळल्या नव्हत्या. मी माझा पंजा त्याच्या शेजारी धरला. माझा हात पोराचा वाटला. टिपेश्वरचं जंगल तिथून दूर नाही, आणि ज्याचा तो ठसा होता त्याला अभयारण्याची हद्द कोणी दाखवलेली नाही. साग, नाला, वाळू, सगळं ऐकत असल्यासारखं शांत झालं होतं. आयुष्यात मी खूप घोषणा दिल्या. त्या दिवशी मी नुसती त्या ठशाशेजारी बसून राहिले, आणि मला त्याचं वाईट वाटलं नाही.

पायल हळू आवाजात म्हणाली, "नाव नका घेऊ. चला."

पोडाच्या मधोमध चावडी आहे. सागाचे खांब, वर कवेलू, खाली शेणानं सारवलेली जमीन. भिंती नाहीत. दार नाही, त्यामुळे कुलूपही नाही. पाहुणा आला की आधी तिथे बसतो. पोडाचे नाईक, म्हणजे तिथले प्रमुख, पांढऱ्या मिशांचे, येऊन समोर बसले. मी लगेच सुरू केलं. सभागृह, कुलूप, लोकशाही, हक्क.

त्यांनी तळहात दाखवला. "बाई, आधी पाणी घ्या."

मी पाणी प्यायले आणि पुन्हा सुरू केलं.

"आता भाकर खा."

पायल कानात म्हणाली, "ताई, पाहुण्याले जेवल्याबिगर काम विचारत नाहीत इथं. तुमीच सांगत सुटल्या तं त्यायले ऐकावं लागते, अन् ते बरं दिसत नाही." नेरला आम्ही पाहुण्याला चहाचा कप हातात देतानाच विचारतो, "काय काम काढलं?" मी गप्प बसून भाकर खाल्ली. ज्वारीची, सोबत हंगामातली शेवटची काटवलं, नुसत्या तेला-मिरचीत परतलेली. वरची हिरवी काटेरी साल दातांखाली कुरकुरली. हाओछ, असं मनात म्हटलं. दोन दिवसांत जीभ बदलते.

जेवण झालं. मला वाटलं, आता ठरेल. नाईक म्हणाले, "सारे येऊ द्या."

सारे म्हणजे खरोखर सारे. बाया शेतात निंदायला गेल्या होत्या. कोणी बाजाराला. गुराखी भीमाभाऊ गुरं घेऊन रानात. आमच्या सभांना गणपूर्ती असते, निम्मे आले की ठराव पास. इथे एक माणूस कमी असला तरी चावडी निर्णय घेत नाही. सबंध दुपार आम्ही बसून काढली. पहिला तास मी चरफडले. मग चावडीच्या खांबाला टेकून समोरचा डोंगर पाहत बसले. ढगांची सावली सागाच्या तुऱ्यांवरून सरकत होती, आणि घाई नावाची गोष्ट नेमकी कोणाच्या सोयीची असते, हा प्रश्न मला पहिल्यांदा पडला.

उन्हं कलली तशा बाया आल्या, आणि सगळ्यात शेवटी भीमाभाऊ. घोंगडी खांद्यावर, वाळलेला, डोळे मिश्कील. पायलनं त्यांना काय चाललंय ते सांगितलं. ते विशाखासमोर उकिडवे बसले.

"मास्तरीणबाई, तुमच्या त्या भाषेत, त्याले काय म्हणते?"

"कोणाला?"

भीमाभाऊंनी फक्त हनुवटीनं जंगलाकडे दाखवलं.

विशाखा सावकाश बोलली. "तिकडं त्याचं नुसतं नाव बोलण्यात घेत नाहीत. नावापुढे लाओ लावतात. लाओहू. लाओ म्हणजे खरं तर म्हातारा. पण पुढे लागला की म्हातारा उरत नाही, मान होतो, सलगी होते. शिकवणाऱ्याला लाओश, मग तो वीस वर्षांचा का असेना. दुकानाच्या मालकाला लाओपान. आपल्याहून मोठ्या वाघमारेला लाओ वाघमारे, आणि लहान वाघमारेला शिआओ वाघमारे. शिआओ म्हणजे लहान."

"अन् त्याच्या पिल्लाले?"

"शिआओ लाओहू."

"म्हंजे लहानगा म्हातारा?" भीमाभाऊंनी मांडीवर थाप मारली. बाया पदर तोंडाला लावून हसायला लागल्या.

"आणि आणखी एकाला लाओ लागतो," विशाखा म्हणाली. "उंदराला. लाओशू."

मी न राहवून म्हणाले, "उंदराला? मान?"

भीमाभाऊ माझ्याकडे वळले. हसू गेलं होतं. "बरोबर तं हाये, पोरी. एक गोठ्यातलं ढोर नेते, एक कणगीतलं बियाणं नेते. दोघायलेही जपून हाक मारा लागते." मग त्यांनी विशाखाच्या कानाशी वाकून, त्यांच्या भाषेत जंगलात त्याला काय म्हणतात ते सांगितलं. मला ते ऐकू आलं. इथे लिहिणार नाही. ते छापायसाठी सांगितलेलं नव्हतं.

माझ्या अंगावर काटा आला, आणि तो भीतीचा नव्हता. हजारो कोसांवर कोणी तरी, कधी तरी, अशाच एखाद्या नाल्याकाठी ठसा पाहिला असेल आणि नाव घेण्याआधी जीभ आवरली असेल. त्या आवरण्याचा शब्द झाला. तो शब्द अजून रोज बोलला जातो, शहरात, शाळेत, ज्यांनी आयुष्यात वाघ पाहिला नाही त्यांच्याही तोंडी. आणि हे इथे एकालाही समजावून सांगावं लागलं नाही.

मला वाटलं, जिंकलो. नाईकांनी एकेकाला विचारायला सुरुवात केली. हो. हो. बसू द्या. मग पायलची काकू, सुमनबाई.

"नाही," त्या म्हणाल्या.

तिथे एकाचं नाही म्हणजे सगळ्यांचं नाही.

"काहून, काकू?" पायलचा आवाज फुटला.

"तिकडं शहरात दार लावून शिकवत होते. दारामागं काय शिकवत होते, मले काय माहीत? त्या साहेबानं उगाच कुलूप लावलं असन का? अन् शिकून तू जाशील. मंग?"

मी उठायला लागले. खताची पोती, मेव्हणा, सगळं जिभेवर आलं होतं. नाईकांनी पुन्हा तळहात दाखवला, आणि मी बसले. तसं बसणं मला कोणी शिकवलं नव्हतं.

विशाखा म्हणाली, "जाईल कदाचित, मावशी. मीही गेले होते. परत येईन असं तेव्हा मलाही माहीत नव्हतं. खोटं नाही सांगत. आणि दारामागं काय होतं ते तुम्ही ऐकलं नाही हेही खरं."

सुमनबाईंचं घर चावडीसमोरच. त्यांनी आपल्या अंगणाकडे पाहिलं, मग चावडीच्या मोकळ्या बाजूंकडे, एकीकडून दुसरीकडे.

"इथं तं भिंतच नाही," त्या म्हणाल्या. "मी भाकरी थापता थापता सगळं ऐकन."

"ऐका की."

"हळू नाही बोलायचं. कुजबुज नाही. मोठ्यानं शिकवायचं. सगळ्या पोडाले आलं पाहिजे ऐकू."

"मावशी, माझा आवाज तुम्ही ऐकताच आहात."

"हो, ते दिसते," सुमनबाई म्हणाल्या, आणि चावडी हसली. "बसा मंग."

नाईकांनी शेवटी बोलायचं असतं, ते बोलले. "दिवाळीपर्यंत बसा. दिवाळीत दंडारीचे पाहुणे येतीन, दुसऱ्या गावचे नाचणारे. चावडी त्यायची. तेव्हा उठा लागन." मग आमच्या दोघींकडे पाहून, अगदी शांतपणे, "तुमच्या गावात एवढी मोठी इमारत हाये म्हणता. अन् मास्तरणीले बसाले जागा नाही? आमी चावडी दिली. तुमच्या गावाची लाज आमी कितीक दिवस झाकावी?"



पोड, रविवार

सकाळी सलीमभाई मोटारसायकलवर आले, मागे एक विद्यार्थी. पाठोपाठ दोन मुलं सायकलींनी. दोन मुलींना त्यांचे भाऊ सोडायला आले, आणि वाघाच्या भीतीनं थांबून राहिले, आणि मग वर्गातच बसले. पायल होतीच. फळा म्हणून कोणीतरी जुनं दार आणून खांबाला टेकवलं होतं.

विशाखानं आधी तिथी विचारली. "नवमी," बाया एका सुरात म्हणाल्या. "तिकडंही आज नवमीच. महिन्याच्या पहिल्या दहा तिथींपुढे छू लावतात. छू म्हणजे आरंभीचा. छू-चिओ, आरंभीची नववी. अमावस्या संपली की त्यांचाही महिना नव्यानं सुरू होतो." सुमनबाई अंगणातून ओरडल्या, "म्हंजे चंद्र एकच हाये!" कोणी हसलं नाही. मीही नाही. एकच चंद्र दोन्ही देशांवर उगवतो हे मला माहीत होतं, पण ते ऐकून थक्क व्हायला मला त्या अंगणातला आवाज लागला.

मग तो शब्द आला ज्यासाठी मी हे सगळं लिहिते आहे. विशाखानं दारावर तीन अक्षरं काढली. लाओ-पाय-शिंग. "पाय म्हणजे शंभर, शिंग म्हणजे आडनाव. शंभर आडनावं, आणि पुढे तोच लाओ. याचा अर्थ, सामान्य जनता."

मी पत्रकं लिहिते. 'जनता' हा शब्द मी इतक्या वेळा लिहिला आहे की तो मला दिसेनासा झाला होता. इथे तो मोजून मांडलेला होता. टेकाम, रामटेके, आत्राम, शेख, माझं गावंडे, उपाध्यक्षांचंसुद्धा. अशी शंभर. आणि पुढे तो शब्द, जो वाघापुढे लागतो आणि उंदरापुढेही. पायलनं मोठ्यानं म्हटलं. मग बायांनी, मग सोडायला आलेल्या भावांनी, मग गुरं सोडायला निघालेल्या भीमाभाऊंनी. चावडीतून तो आवाज चारी बाजूंनी बाहेर गेला, अडायला काहीच नव्हतं. मला रडू आलं. मी डोळे पुसले नाहीत.

पण मोजणी करायलाच हवी. अकरांपैकी सात आले. चार मुली आल्या नाहीत. त्या गावातल्या, त्यांच्या घरच्यांनी जंगलात पाठवायला साफ नकार दिला, आणि त्या ठशाजवळ हात धरून पाहिल्यावर मी त्यांना दोष देऊ शकत नाही. संध्याकाळी विशाखानं टेकडीवर चढून, फोनला रेंज आली तिथून, हैदराबादला कळवलं. नाही म्हणाली नाही. दिवाळीपर्यंत मुदत मागितली. ती त्यांनी दिली. "चार पोरी बाहेर ठेवून मी वर्ग चालवणार नाही," ती मला म्हणाली. "दिवाळीपर्यंत दार उघडलं नाही, तर मी जाणार. मग चावडी असो नाहीतर नसो."

तर असं आहे. पोडानं आपलं काम केलं. उरलेलं आपलं आहे. पांढरकवड्यात राहत असाल तर येत्या बुधवारी संध्याकाळी पाचला सभागृहाच्या दारात या. एकटे येऊ नका, घरातली एखादी मुलगी सोबत आणा. उपाध्यक्ष चहा देतील, तो प्या. ते म्हणतील अध्यक्ष बाहेरगावी आहेत, तर म्हणा आम्ही थांबतो, आणि खरंच थांबा. दुसऱ्या गावचे असाल तर आपल्या गावातलं असं दार शोधा, प्रत्येक गावात एक असतंच, आणि किल्ली कोणाकडे आहे ते चारचौघांत, मोठ्यानं विचारा. पोती बाहेर निघेपर्यंत हलू नका. हे वाचून झाल्यावर कागद घडी करून ठेवणार असाल, तर आत्ताच सांगते: ठेवू नका. उठा.